डब्यातला लाल

अंगणात दोन बाकड्यांवर गाडीचा दरवाजा आडवा ठेवून महिपती तो घासत होता. खालची कड गंजून गेली होती. वायर ब्रशने त्याने गंज पाडला होता, भोकांवर पत्रा डकवून लांबीची पुट्टी भरली होती, आणि आता पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ती सपाट करत होता. बॉनेट आणि दुसरा दरवाजा प्रायमर मारून भिंतीला टेकवले होते. अंबरनाथच्या एका कंपनीच्या रंगखात्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. डोळे आता साथ देत नव्हते, पण बोटांना खरखर बरोबर कळायची.

गाडी महिपतीच्या मुलाची, संतोषची. काविळीने तो गेला तेव्हापासून ती चिंचेखाली उभी होती आणि तिने दोन पावसाळे अंगावर घेतले होते. आता तेजस्वीला, सुनेला, बदलापुरात एका लॅबमध्ये काम लागलं होतं. संध्याकाळी जांभूळ गावी परत यायला रिक्षा मिळत नसे. “घरात गाडी हाय ना,” महिपतीच म्हणाला होता. “मी चालती करून देतो.” इंजिनाचं काम गॅरेजवाल्याने केलं. पत्र्याचं महिपतीने स्वतःकडे ठेवलं.

तेजस्वी चहा घेऊन आली. त्याने हात पुसले आणि बाकड्याखालचा डबा उघडून तिला दाखवला.

“बघ. पेट्रोलच्या टाकीचं झाकण पिशवीत घालून कॅम्प तीनला रंगाच्या दुकानात घेऊन गेलतो. तेवढंच बिनगंजाचं होतं. शेठनं परत परत मिसळला, झाकणाशी लावून बघितला. बोलला, काका, बिलकुल कंपनी का कलर.”

डब्यात लाल रंग होता. तेजस्वीने तो पाहिला. कप बाकड्यावर ठेवला.

“बाबा, दुसरा रंग मारला तर?”

ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या त्याच्या बायकोचे, कौसाबाईचे हात थांबले.

“दुसरा म्हंजे?” महिपतीने विचारलं.

“कुठलाही. आरटीओत बदलून घेईन मी.”

“याला काय झालं? असाच होता ना?”

“म्हणूनच.” तेजस्वीने दरवाज्याच्या कडेवरून बोट फिरवलं. “इंजिन झाल्यावर हवा भरायला नाक्यावर नेली होती ना, तेव्हा कैलास पानटपरीवर उभा होता. गाडी बघून त्यानं हात वर केला. मग काचेतून मी दिसले. हात तसाच खाली घेतला त्यानं. ओळख पण नाही दाखवली.”

“कैलासचं काय घेऊन बसलीस?” कौसाबाई ओट्यावरून म्हणाली. “दोस्त होता त्याचा. वाटलं असंल त्याला. त्याच्यासाठी आपन गाडीचा रंग बदलाचा?”

“नाही.”

“मग? लाल गाडी आली का अख्ख्या गावाला कलतं, आपली गाडी आली. दुसरा रंग दिला तर कोन वलखील?”

तेजस्वी डब्यातल्या रंगाकडे बघत राहिली. महिपतीने पेपर पाण्यात बुडवला आणि पुन्हा घासायला लागला.

“बोल ना,” कौसाबाई म्हणाली. “तोंडात मूग का धरलेस?”

“कैलासमुळे नाही, आई,” तेजस्वी म्हणाली. “तुमच्यामुळे.”

महिपतीचा हात दरवाज्यावरच राहिला.

“त्या दिवशी मी गाडी घेऊन परत आले, तर तुम्ही धावत बाहेर आलात. हाताला पीठ होतं. कुंपणापर्यंत आलात. मी दार उघडून उतरले, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत.” तिचा आवाज चढला नव्हता. “मला रोज कामावरून यायचंय. रोज मी तशी नाही उतरू शकत.”

कौसाबाईने मांडीवरची टरफलं झटकली, सूप उचललं आणि ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. मग तोही थांबला.

“मी बोलायला नको होतं,” तेजस्वी म्हणाली.

महिपतीने डब्याचं झाकण बसवलं आणि मुठीने ठोकून घट्ट केलं. “चहा निवला,” तो म्हणाला. तसाच प्यायला.

बऱ्याच वेळाने कौसाबाई दारात आली. पदराने तोंड पुसलेलं होतं. ती महिपतीशी बोलली, सुनेकडे न बघता.

“हिरवा मारा.”

“हिरवा?”

“त्याला हिरवा आवडाचा नाय. लग्नात मामानं हिरवा शर्ट दिला, तो घडीसकट तसाच ऱ्हायला.” ती चौकटीला धरून उभी होती. “हिरवी गाडी त्यानं कधी घेतलीच नसती.”

महिपतीने मान हलवली.

गाडी हिरवी झाली. दरवाजे बसले, बॉनेट बसलं. उन्हात जवळ जाऊन पाहिलं तर एका ठिकाणी रंगाचा ओघळ दिसायचा. पुन्हा घासून मारतो असं महिपती म्हणत राहिला, पण त्याने ते केलं नाही.

तेजस्वी पहिल्यांदा ती घेऊन कामावर गेली त्या संध्याकाळी कौसाबाई दोरीवरचे कपडे काढत होती. शेजारची विठा कुंपणापलीकडे उभी राहून बोलत होती. वळणावर गाडीचा आवाज झाला. कौसाबाईने मान वर केली. गाडी फाटकाशी आली.

“कोनाची गो गाडी?” विठाने विचारलं.

कौसाबाई हातातल्या चादरीची घडी घालत राहिली. टोकाला टोक नीट जुळवून झालं तेव्हा म्हणाली, “तेजस्वीची.”