मष्णू काय शिकत होता

हेरेकर मास्तरांच्या सल्ल्यानं निपाणीचा मष्णू अर्थशास्त्र शिकायला पुण्याला गेला होता. एकोणीसशे अठराच्या साथीत तो तिथल्या बोर्डिंगात एकटाच तापानं वारला. त्याची वही घेऊन मास्तर त्याच्या आईला भेटायला आले. जयाबाई तंबाखूच्या वखारीतून नुकतीच परतली होती. “चुकलं माझं. यापुढं कुणालाच कॉलेजात जा म्हणणार नाही,” ते म्हणाले. तिनं वहीवरून हात फिरवला. “ह्यात काय लिवलंय, मास्तर? त्यो काय शिकत हुता?” मास्तरांनी सोपं करून सांगितलं: पीक चांगलं आलं की भाव का पडतो, मजुरी का वाढत नाही. “म्हंजे राबूनबी आमचं पोट का भरत न्हाय, ह्येच न्हवं?” मास्तरांनी मान डोलावली. तिनं वही मास्तरांपुढं सरकवली. “मग आणिक कुणाला तरी धाडा. पर तापात पाणी पाजायला संगं माणूस असू द्या.”