मकबऱ्याची मागची बाजू

“निघा! थडगं आहे हे, लग्नाचा मांडव नाही!” मकबऱ्यामागे बसलेल्या जोडप्यावर पहारेकरी गेनबा काठी घेऊन धावला. मेलेल्यांपेक्षा जिवंतांचाच त्याला जास्त राग. आज तर पुरातत्त्व खात्याच्या मॅडमचा हुकूमच होता: लेझरचं यंत्र मकबरा संगणकात उतरवेल तेव्हा आवारात माणूस नको. गेनबाने चिटपाखरू ठेवलं नाही.

आठवड्याने मॅडमनी शाळेच्या भिंतीवर ते चित्र गावाला दाखवलं. राखाडी मकबरा हळूहळू फिरला, मागची बाजू आली, आणि तिथं पायरीवर खुद्द गेनबा, बायकोचं पाऊल मांडीवर घेऊन काटा काढताना! डबा आणणाऱ्या सुलाबाईला आणि स्वतःला त्याने माणसांत धरलंच नव्हतं.

“तात्या, मांडव कधी घातला?” हाकललेल्या जोडप्यातला पोरगाच ओरडला. गाव खो खो हसलं.

“पुसा हो मॅडम,” गेनबा कळवळला.

“खबरदार!” सुलाबाई उठली. “आमच्या लग्नात फोटो कुठं काढला होता? राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी मकबऱ्यामागे पुन्हा जोडपं दिसलं. काठी उचलून गेनबा जरा थांबला आणि लांबूनच ओरडला, “जपून बसा रे, तिथं बाभळीचे काटे आहेत!”