एका चुलीची साखर

"घरच्या घरी साखर नीट तपासता येते, असा किती आत्मविश्वास वाटतो बाबा? दहापैकी सांगा," दवाखान्यातून सिन्नरला पाहणीसाठी आलेल्या वेदिकाने विचारलं.

"दहा," गोरक्षबाबा म्हणाले.

वेदिकाला संशय आला तो इथेच. बाबांच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती, आणि मशीनमधले आकडे मात्र प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे सरळ रांगेत. याच आकड्यांच्या भरवशावर डॉक्टर त्यांची गोळी कमी करायला निघाले होते.

"एकदा माझ्यासमोर करून दाखवता?"

बाबांनी हात धुतले, मशीनमध्ये पट्टी सरकवली, सुई बसवली. कुठे म्हणून चूक नाही. वेदिका मनातल्या मनात ओशाळली. मग बाबांनी आत हाक मारली, "सगुणे, बोट आण गं!"

सगुणाबाई मेथी निवडता निवडता उठल्या आणि सवयीने बोट पुढे करून उभ्या राहिल्या.

"अहो बाबा, रक्त तुमचं हवं!"

"माझी बोटं लय राठ, सुई शिरत नाय. आन् फरक काय पडतो? एका चुलीवरचं खातो दोघं. साखर येगळी कशी यील?"

वेदिकाने बाबांचं बोट धरलं आणि टोचलं. आकडा आला नेहमीच्या तिप्पट.

बाबांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला. मग सगुणाबाईंकडे रोखून बघत म्हणाले, "खरं सांग सगुणे, मला चोरून काय खाल्लंस?"