चिवड्याची टिकली

चिवडा पुन्हा पिंजऱ्याच्या गजांना दात लावून बसला होता. त्या कटकटीने शर्वरीचं डोकं उठलं होतं, आणि त्या एवढ्याशा हॅमस्टरच्या नाकावरचे केसही पार झिजून गेले होते.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी शांतीटिकली दिली होती. मसुराएवढी टिकली कानामागे चिकटवली की जिवाची तगमग थांबते, म्हणे. शर्वरीने ती चिमटीत धरली.

"लाव ना, आई," सात वर्षांची ओजल सपाट आवाजात म्हणाली. "मग त्याला बाहेर यावंसं वाटणारच नाही. मला कुठे वाटतं?"

शर्वरीचा हात जागच्या जागी थांबला. ओजलच्या कानामागेही तशीच टिकली होती. वर्गात फार चुळबूळ करते म्हणून शाळेतल्या बाईंनी सुचवली, आणि घरही शांत झालं म्हणून शर्वरीने ती राहू दिली होती.

तिने हातातली टिकली कचऱ्यात टाकली. घरच्या गणपतीचं विसर्जन ज्यात करायचे, तो मोठा टब माळ्यावरून काढला, लाकडाच्या भुशाने अर्धा भरला आणि चिवड्याला त्यात सोडलं. तो क्षणभर बावरला, मग भुसा उडवत थेट आत घुसला.

मग तिने ओजलला जवळ ओढलं आणि तिच्या कानामागची टिकली नखाने उचकटली.

ओजल डोळे मिचकावत राहिली. एकदम ओरडली, "आई, चिवडा कुठे गेला?" आणि दोन्ही हातांनी भुसा उपसत सुटली. सगळा हॉल भुशाने भरला.

दचकून ती थांबली, कानामागे हात लावून पाहिला. "बाई रागावतील?"

"तू उकर," शर्वरी म्हणाली. "बाईंचं मी बघते."