वहिनींची नोटीस

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक खिडकी आणि खिडकीशी शिलाई मशीन, एवढाच वहिनींचा संसार. नवऱ्यामागे अकरा वर्षं त्यांनी त्या चाकावरच शिवून काढली. त्याच खोल्यांवर तळमजल्यावरच्या धाकट्या दिराने दावा ठोकला. वहिनी खालच्या कोर्टात हरल्या. वरच्या कोर्टात अपील केलं, तर मुदतीत कागद दिले नाहीत म्हणून तेही फेटाळलं गेलं.

"मुदतीची नोटीस मला मिळालीच नाही हो," वहिनी न्यायाधीशांना म्हणाल्या. "मिळाली असती तर सुईतला दोरा तसाच सोडून धावत आले असते."

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. "नोटीस तुमच्या हाती पडली नसेल, तर अपील पुन्हा उभं राहील. पडली असेल, तर मात्र खोल्या गेल्या समजा."

दीर ताडकन उठला. "साहेब, ही बाई धडधडीत खोटं बोलतेय! नोटीस आली होती. पोस्टमन भरदुपारी घेऊन आला होता!"

त्याच्या वकिलाने सदऱ्याचं टोक ओढून पाहिलं, पण गडी काही थांबेना.

"भावोजी, माझ्या डोळ्यांत बघून सांगा."

"डोळ्यांत कशाला बघायचं, वहिनी? पुरावाच आणलाय!"



आणि त्याने पिशवीतून वहिनींच्या नावाचं, कोर्टाचा शिक्का असलेलं पाकीट काढून ऐटीत टेबलावर ठेवलं. ते अजून फोडलेलंसुद्धा नव्हतं.