आवाज तारण

"करार राजीखुशीनं केला होता का?" न्यायाधीशांनी विचारलं.

रेश्मा घोलपला ओरडायचं होतं, 'कसली राजीखुशी! घरभाडं तुंबलेलं, घाईत ॲपवर अंगठा टेकवला!' पण तिच्या तोंडून गोड उत्तर आलं, "हो साहेब, अगदी राजीखुशीनं."

पगार होईपर्यंत म्हणून घेतलेल्या त्या कर्जाला तिचा आवाज तारण होता. फोनसाठी सगळ्यांच्याच घशात असते ती चिप, हप्ता थकल्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली होती. भाजीवालीशी बोलतानाही तिचं तोंड कंपनीची जाहिरात करायचं.

तिनं जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"मान हलवलेली नोंदीत येत नाही, बाई. तोंडानं बोला."

"करार मान्य आहे," तोंड बोललं. कंपनीचा वकील गालात हसला.

"मग करार बंधनकारक," न्यायाधीश म्हणाले.

"आभारी आहे, साहेब," तिचं तोंड म्हणालं.

हे ऐकून रेश्माच्या डोक्यात सणक गेली. तिनं पायातली चप्पल काढली आणि वकिलाच्या थोबाडावर भिरकावली.

"माफ करा, चुकून सुटली," तोंड लगेच म्हणालं.

तोवर तिनं दुसरी हातात घेतली होती.

न्यायाधीशांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "हे मात्र नोंदीत घ्या," ते कारकुनाला म्हणाले.