आपोआप उघडणारी झडप

टक्.

झडप पुन्हा आपली आपण उघडली आणि प्रयागबाईनं चमकून मागं पाहिलं. कोणी हात लावला नव्हता. लावायला खोलीत होतंच कोण? बाजेवर बाळंतीण लेक रुख्मिणी, तिच्या कुशीत पाच दिवसांचं लेकरू, आणि बाजेशेजारी ती नवी कोळशाची शेगडी.

शेगडी जावयाची करामत. जगदेव कारंज्याला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. स्वतःच्या हातानं बनवून, एस.टी.च्या टपावर टाकून त्यानं ती सासुरवाडीला आणली होती. वर लोखंडी झाकण, मागं नळी, नळी भिंतीतून थेट बाहेर. नळीच्या आत झडप आणि झडपेला तांब्या-लोखंडाची जोडपट्टी. आच चढली की पट्टी वाकायची, झडप अर्धी मिटायची. आच उतरली की पट्टी सरळ, झडप उघडी. निघताना त्यानं सासूला बजावलं होतं, "मामी, झडपेले हात नोका लावू. तिचं ती पायते."

तिचं ती पाहते म्हणे! अरे, तिला काय डोळे आहेत? बाळंतिणीच्या खोलीत सुईएवढी फट ठेवू नये, आणि या शहाण्यानं भिंतीला हातभर भोक पाडलं. बाहेर पौषातला बोचरा वारा, आभाळ भरून आलेलं. नळीत वारा हूं हूं करत होता. त्यातून आज पाचवी. आज सटवाई यायची, लेकराच्या कपाळी लिहायला. ती कुठून येईल, कोणी सांगावं?

गेल्या खेपेला याच खोलीत, याच बाजेवर, पहिलं लेकरू पाचवीलाच गेलं होतं. वाऱ्यानं गेलं, असं सगळं गाव म्हणालं. प्रयागबाईनं तेव्हाही दाराखाली गोधडी कोंबली होती, खिडकीच्या फटींत चिंध्या भरल्या होत्या, जुनी, बिननळीची शेगडी विझू दिली नव्हती. तरी मेला वारा कुठून तरी शिरलाच. या खेपेला जगदेव मात्र ही शेगडी घेऊनच आला.

टक्.

"नाही वं माय, नाही," प्रयागबाई पुटपुटली. "या वक्ती नाही नेऊ देत."

लेकराच्या करदोड्यासाठी आणलेला काळा दोरा तिनं तिपेडी केला. नळीबाहेर आलेली झडपेची दांडी खाली ओढली, नळी पुरती मिटवली आणि दोरा भिंतीतल्या खुंटीला गच्च बांधला. वर तीन गाठी मारल्या. हूं हूं थांबलं. दाराखालची गोधडी पायानं आणखी आत दाबून ती बाजेच्या पायथ्याशी टेकली. आता कुठं जिवाला बरं वाटलं.

खोली छान ऊबदार झाली. धूर नाही, वास नाही. कोळसे झाकणाखाली मुकाट जळत होते.

"माय, डोकं लय दुखून राह्यलं," रुख्मिणी म्हणाली.

"झोप वं बाई. जागरण झालं नं तुले."

रुख्मिणी झोपली. प्रयागबाईचीही कानशिलं ठणकत होती, डोळे मिटत होते. पाचवीचा उपास, दुसरं काय! तिनं वाकून लेकराचं तोंड पाहिलं आणि हरखलीच. "अवं रुखे, पाय तं! लेकराचे गाल कसे लालेलाल झाले. शेक लागला, शेक!"

रुख्मिणी काही बोलली नाही.

"रुखे?"

तिनं लेकीचा हात हलवला. हात सुटला आणि धपकन बाजेवर पडला. मघापासून लेकरू रडलं नव्हतं. चुळबुळलंही नव्हतं. खुंटीपासून दांडीपर्यंत काळा दोरा ताणून उभा होता. आतून झडप उघडू पाहत होती.

गाल लाल. असेच लाल. गेल्या खेपेच्या लेकराचेही असेच होते. त्याला माती द्यायला न्यायच्या वेळी बायका म्हणाल्या होत्या, गेल्यासारखं वाटतच नाही वं, झोपलंय जसं.

प्रयागबाईच्या अंगाला दरदरून घाम फुटला. तिनं लेकरू उचललं, उभी राहिली. भिंत फिरली. ती गुडघ्यांवरच दाराशी सरकली. गोधडी निघेना. आपणच दाबलेली गोधडी! दातओठ खाऊन तिनं ती ओढली, कडी काढली आणि ओसरीत जाऊन कोसळली. पाच दिवस ज्या वाऱ्याला तिनं दाराशी अडवलं होतं, त्याच्याच पुढं तिनं लेकराचं तोंड धरलं.

"घे रे राजा. घे. श्वास घे."

लेकरू गप्प. तिनं त्याचे तळवे चोळले, पाठीवर थापट्या मारल्या, देवाला शिव्या घातल्या. आणि मग ते आक्रसलं, जीभ काढून आधी कुरकुरलं, मग टाहो फोडला.

त्याला ओसरीतल्या सुपात ठेवून ती धडपडत आत गेली. विळ्यानं दोरा कापला, खिडकी उघडली, रुख्मिणीला खांद्याला धरून दारापर्यंत ओढत आणलं. रुख्मिणीला भडाभडा वांती झाली. मग तिनं डोळे उघडले.

"माय, दार लाव नं. थंडी वाजून राह्यली."

प्रयागबाईनं गोधडी तिच्या अंगावर घातली, लेकरू छातीशी घेतलं आणि उघड्या दाराला पाठ लावून उंबऱ्यात बसली.

शेजारची लिलाबाई पाचवीच्या पूजेला हळदकुंकू घेऊन आली, ती अंगणातच थबकली.

"अवं प्रयागबाई, बाळंतिणीचं दार सताड उघडं? पहिलं लेकरू कशानं गेलं, विसरली काय वं?"

आत शेगडीची झडप वाजली. टक्.

"नाही विसरली, लिलाबाई," प्रयागबाई म्हणाली. "आत्ताच तं समजलं."